सोफरचं बोलणं देवाच्या तोंडी घालू नका

सांगली-साताऱ्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: दुष्टाची भरभराट सात वर्षांत संपते, हे बायबलमधल्या ईयोब या पुस्तकातलं (२०:५) देवाचं वचन आहे. ज्याच्या घरी आजार किंवा पूर येतो त्याने आपलं लपलेलं पाप शोधावं. स्तोत्र ३७ सलग २१ दिवस वाचलं की वैऱ्याचा नाश होतो. सांगलीवाडीच्या माझ्या मावशीला, काका डायलिसिसवर असताना, तो कुणीतरी धाडला. ती आता पाप शोधत बसली आहे.

ईयोब २०:५ मध्ये सात हा आकडाच नाही. दुर्जनांचा जल्लोष थोडा काळ टिकतो, एवढंच आहे. आणि बोलतोय कोण? देव नव्हे, नामाथी सोफर. दहा मुलं गमावलेल्या, अंगभर फोड आलेल्या ईयोबाला ‘तुझंच पाप’ असं ऐकवणाऱ्या तीन मित्रांपैकी एक. पुढच्याच अध्यायात ईयोब त्याला विचारतो, मग दुष्ट म्हातारे होईपर्यंत जगतात कसे? त्यांची घरं निर्धास्त कशी? त्यांच्या गाई गाभडत कशा नाहीत? शेवटी ४२:७ मध्ये परमेश्वर त्या तिघांपैकी अलीफजाला सुनावतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. होमबलीसाठी सात बैल आणि सात मेंढे घेऊन त्यांना ईयोबाकडेच जावं लागलं. त्याने प्रार्थना केली तेव्हा ते सुटले. ज्या बोलण्यासाठी होमबली द्यावा लागला, तेच तुम्ही आजाऱ्याच्या घरी देवाचं वचन म्हणून पाठवता?

मित्रांचं सगळंच टाकाऊ नाही, हे मान्य. अलीफजाचं एक वाक्य प्रेषित पौलानेही १ करिंथ ३:१९ मध्ये घेतलं आहे. पण पौलाने ते रडणाऱ्याच्या अंगावर फेकलेलं नाही.

पाप शोधण्याचं म्हणाल, तर लूकच्या शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय वाचा. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली. ती इतरांहून जास्त पापी होती का, या प्रश्नाला येशूचं उत्तर ‘नाही’ असं आहे. सांगलीचा २०१९ चा पूर पाणलोटातल्या पावसाने आणि धरणांच्या विसर्गाने आला. पाणी सावकाराच्या घरात शिरलं तसंच शेतमजुराच्याही. मूत्रपिंडं निकामी होण्याची नेहमीची कारणं मधुमेह आणि रक्तदाब ही आहेत.

स्तोत्र ३७ मध्ये ‘थोडा वेळ’ आहे, हे खरं. दुष्ट गवतासारखे सुकतील असंही आहे. माणच्या माळावर श्रावणात हिरवं दिसणारं गवत उन्हाळ्यात कुठे उरतं? पण मुदत दिलेली नाही. इस्राएलचा राजा दुसरा यराबाम याने परमेश्वराच्या दृष्टीने वाईट ते केलं, तरी ४१ वर्षं राज्य केलं आणि सीमाही वाढवल्या. योशीया यहूदाचा चांगला राजा; तो ३९ व्या वर्षी मगिद्दोच्या लढाईत मारला गेला. स्तोत्र ७३ चा कर्ता आसाफ यालाही दुष्टांचा हेवा वाटलाच. देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर त्याला त्यांचा शेवट कळला. तारीख तिथेही मिळाली नाही.

स्तोत्र ३७ सलग २१ दिवस वाचण्याचं शास्त्रात कुठेही नाही. त्याच स्तोत्राची आठवी ओवी राग सोडायला सांगते.

ईयोबातलं वचन पुढे पाठवण्याआधी अध्याय बघा. मित्रांची बोलणी या अध्यायांत आहेत: अलीफज ४, ५, १५, २२. तिसरा मित्र बिल्दद ८, १८, २५. सोफर ११ आणि २०. यातलं काही पाठवायचंच असेल तर बोलणाऱ्याचं नाव आणि ४२:७ सोबत लिहा. ज्या ज्या ग्रुपवर हा मेसेज टाकलात, तिथे आज तेवढं तरी करा.