त्या यज्ञाला फ्यूज नव्हता

लेखकरावांच्या कादंबरीची तीन प्रकरणे सर्वांनी वाचली आहेत, असे गृहीत धरून रविवारी कट्ट्यावर चर्चेला सुरुवात झाली. समीक्षकांनी त्यांपैकी पहिली दहाच पाने वाचली होती, हे यथावकाश उघड झाले. कथानक येथे सांगत बसत नाही; त्या देशात वीज नाही, इंजिन नाही आणि आपल्याकडे यंत्रे जे काही करतात ते सर्व तेथे जादू करते, एवढे ठाऊक असले म्हणजे पुरे. दिवाळी अंकाकडे मजकूर पाठवण्याची मुदत महिनाअखेरीस संपत होती आणि तत्पूर्वी लेखकरावांना आमच्याकडून कौतुक हवे होते. परंतु कट्टा सदाशिव पेठेतला, शेजारी अमृततुल्य आणि समोर तात्या बसलेले, तेव्हा ते मिळण्याची आशा मुळातच थोडी होती.

तात्या लाइनमन म्हणून निवृत्त झाले आहेत. कादंबरी हा त्यांचा प्रांत नाही, असे समीक्षकांना वाटते आणि ते तसे बोलूनही दाखवतात. तात्यांनी पहिला प्रश्न अगदी सौम्यपणे विचारला.

"संध्याकाळी मंत्र म्हटला की राजधानीतले सगळे दिवे लागतात, हे तू फार चांगले लिहिले आहेस. हा मंत्र रोज कोण म्हणतो?"

"दीपाचार्य म्हणतात."

"ते तापाने अंथरुणाला खिळले तर?"

"त्यांचा शिष्य म्हणतो."

"तो शिष्य तयार व्हायला किती वर्षे लागतात?"

"बारा वर्षांची साधना आहे, तात्या. दुसऱ्या प्रकरणात तिचे सविस्तर वर्णन केले आहे."

तात्यांनी कपातला चहा बशीत ओतला. "मग तुझ्याकडे जादू यंत्राच्या जागी आलेलीच नाही. ती वैद्याच्या जागी आली आहे, फार तर सोनाराच्या. माझी नात बटण दाबते तेव्हा तिला विजेतले ओ की ठो कळत नसते, तरीही दिवा लागतो. ज्याला काहीच येत नाही त्याच्याही हातून जे चालते, त्याला यंत्र म्हणायचे."

माझ्या मते त्या संध्याकाळचा सारा ऐवज या शेवटच्या वाक्यात होता. परंतु समीक्षकांना तो दिसला नाही, कारण ते तोवर घसा साफ करत होते. "मुळात जादू हे एक रूपक आहे," असे म्हणून त्यांनी आरंभ केला आणि आदिम सामूहिक नेणिवेपासून सत्तेच्या अदृश्य अवकाशापर्यंत जाऊन, वाटेत तीन परदेशी विचारवंतांना स्पर्श करून, ते पुन्हा रूपकापाशी परतले. गेल्या वर्षी पाऊस लांबला होता तेव्हा त्यांनी त्यालाही रूपक ठरवले होते, आणि दुसऱ्याच दिवशी छत्री नसल्यामुळे ते भिजून आले होते. माईंनी त्याची आठवण करून दिल्यावर ते काही काळ शांत झाले.

माई इतिहास शिकवत असत. लेखकरावांच्या मंत्रांविषयी त्यांचा आक्षेप वेगळा होता. मंत्र उच्चारावर चालत असेल तर उच्चार चुकल्यावर काय होते, हे तीनही प्रकरणांत कोठे आलेले नाही. वास्तविक आपल्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी विचारून ठेवला आहे, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी 'इन्द्रशत्रु' या शब्दाची गोष्ट सांगितली. त्वष्ट्याला इंद्राचा वध करणारा पुत्र हवा होता आणि त्यासाठी त्याने यज्ञ मांडला. 'इन्द्रशत्रु' या शब्दाचा उंच स्वर शेवटच्या अक्षरावर पडला असता तर त्याचा अर्थ 'इंद्राचा संहारक' असा झाला असता. परंतु तो पहिल्या अक्षरावर पडला आणि अर्थ झाला 'इंद्र ज्याचा संहारक आहे असा'. त्यामुळे वृत्र जन्मला खरा, पण इंद्राच्या हातून मरण्यासाठीच. व्याकरण का शिकावे याचे कारण म्हणून हे उदाहरण शतकानुशतके सांगितले जात आहे.

"म्हणजे त्या यज्ञाला फ्यूज नव्हता," तात्या म्हणाले.

आम्ही हसलो, पण ते हसत नव्हते. "मी थट्टा करत नाही. तारेवर भार वाढला की आधी फ्यूज वितळतो, म्हणून घर वाचते. एक भाग मुद्दाम कच्चा ठेवायचा आणि बाकीचे त्याच्या जिवावर सांभाळायचे, ही अक्कल माणसाला घरे जळल्यावर आली. चुकीच्या स्वराने यजमानाचा मुलगा मरत असेल, तर पुढच्या यज्ञाच्या वेळी कोणीतरी उठून विचारणारच की चूक झाली तर सगळे आपोआप थांबेल अशी सोय करता येईल का. तुझ्या देशात हजार वर्षे जादू चालू आहे म्हणतोस. मग हजार वर्षांत एकानेही हे विचारले नाही? तुझ्या जादूगारांच्या हातांत हातमोजेसुद्धा नाहीत. आम्ही खांबावर चढण्यापूर्वी परमिट घेत होतो आणि लाइन बंद झाली असे सांगितल्यावरही तिला अर्थिंग करत होतो, कारण लाइन बंद असल्याचे कागदावर असणे आणि ती खरोखर मेलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

लेखकराव क्षीण स्वरात म्हणाले, की त्यांच्या देशात जादूगारांचे सात संप्रदाय आहेत आणि प्रत्येकाच्या झग्याचा रंग निराळा आहे. नकाशाही तयार आहे; त्यात नऊ नद्या आहेत.

"त्या सात रंगांत दुरुस्तीवाल्याचा रंग कोणता?" तात्यांनी विचारले. त्याला उत्तर नव्हते.

उच्चाराचा विषय मात्र तेवढ्यावर संपला नाही, आणि संपू नये असे मलाही वाटत होते. तात्यांचे बालपण पेठेत गेलेले नाही. शाळेत 'पाणी' म्हणताना 'पानी' म्हटल्याबद्दल त्यांना वर्गाबाहेर उभे केले होते, हे ते वर्षातून दोनदा तरी सांगतात, आणि दोन्ही वेळा समीक्षकांकडे पाहून सांगतात, कारण समीक्षकांनी एकदा त्यांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेतील शुद्धलेखन भर मांडवात तपासले होते. "ज्याला 'ण' म्हणता येतो त्याच्या घरी उजेड आणि जो 'न' म्हणतो तो अंधारात, असा तुझा देश आहे का?" त्यांनी विचारले. "असेल तर हरकत नाही, पण मग तसे लिही. तिथल्या एखाद्या मुलीला 'ळ' म्हणता येत नाही म्हणून तिच्या आईची चूल पेटत नाही, हे लिही. आमच्या विजेत शंभर दोष असतील, पण बटण दाबणाऱ्याची भाषा तिने कधी विचारली नाही."

लेखकरावांनी येथे प्रथमच वही उघडली. समीक्षकांनी "भाषिक वर्चस्व" असे दोनच शब्द उच्चारले आणि ते आपलेच मत होते अशा थाटात मान डोलावली.

यानंतर शक्ती येते कोठून, हा प्रश्न निघाला. लेखकरावांच्या देशात ती डोंगरातल्या एका प्राचीन झऱ्यातून येते आणि तेवढ्यावर त्यांचे समाधान झालेले आहे. माईंचे झाले नाही. मुळशीला जाऊन भजी खाऊन येणाऱ्या पुणेकरांना १९२१ चा सत्याग्रह आठवत नाही, ही त्यांची जुनी तक्रार आहे आणि ती ऐकताना आम्ही सर्वजण, विशेषतः मी, मान खाली घालतो. मावळातली गावे पाण्याखाली जाणार होती, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकरी धरणाविरुद्ध उभे राहिले होते, आणि ते अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून खाली सोडून त्याची वीज मुंबईला जायची होती. धरण शेवटी झालेच. "शक्तीला उगम असतो तशी तिला बुडालेली गावेही असतात," माई म्हणाल्या. "तुझ्या झऱ्याजवळ आधी कोण राहत होते? ते आता कोठे राहतात? राजधानीतले दिवे लागतात तेव्हा त्यांच्या घरात काय असते?"

लेखकराव म्हणाले की तेथे ऋषी राहत होते.

"ऋषींना पुनर्वसनात काय मिळाले?" तात्यांनी विचारले, आणि अमृततुल्याचा मालकही हसला.

समीक्षकांनी या वेळी एक गंभीर मुद्दा मांडण्याचा प्रयत्न केला, याची नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे. कादंबरी म्हणजे धरणाचा प्रकल्प अहवाल नव्हे. इतके हिशेब मांडत बसलो तर अद्भुतात अद्भुत असे काही उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु माईंनी कात्रजचे उदाहरण दिले आणि मला तरी तेच अधिक पटले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आले, तेही निव्वळ उताराच्या बळावर. त्या नळावर मध्ये मध्ये उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी तोंडे, ठेवलेले आहेत. पाणी कित्येक मैल चालत आले याचे नवल वाटतेच. पण गाळ काढण्यासाठी माणूस आत उतरू शकेल एवढे ते उच्छ्वास पाहिले की ते पाणी खरे वाटू लागते. लेखकरावांच्या नऊ नद्यांना एकही उच्छ्वास नाही, आणि तेथे जादू गुरुवारी बंद राहील अशी सूचनाही कधी लागत नाही.

मग सव्वासातची गाडी निघाली. तिसऱ्या प्रकरणात नायकाची सव्वासातची उडती गाडी चुकते आणि त्यामुळे नायिका भेटते. माईंनी विचारले, "सव्वासात कोणाचे?" प्रश्न आम्हाला कळला नाही. त्यांनी सांगितले की गावोगावच्या घड्याळांनी एकच वेळ दाखवावी ही गरज मुख्यतः रेल्वेने आणि तारायंत्राने निर्माण केली. आपल्याकडे रेल्वे बराच काळ मद्रासच्या वेळेवर चालत असे. १ जानेवारी १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ ठरली, तरीही मुंबई पुढे कित्येक वर्षे आपलीच वेळ धरून बसली होती, आणि ती एकोणचाळीस मिनिटे मागे होती. ज्या देशात रूळ नाहीत, तारायंत्र नाही आणि प्रत्येक जादूगार स्वतःच्या लहरीने उडतो, तेथे सव्वासात ही वेळ मुळात आली कोठून? असलीच तर सगळ्या गावांना ती मान्य कोणी करायला लावली?

याच ओघात त्यांनी वाफेचीही गोष्ट सांगितली. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकातच वाफेने फिरणाऱ्या गोळ्याचे वर्णन लिहून ठेवले होते, पण त्याचे खेळण्यापलीकडे काही झाले नाही. न्यूकोमेनचे इंजिन १७१२ मध्ये कामाला लागले, कारण इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींत पाणी भरत होते, ते उपसणे भाग होते आणि त्या खादाड इंजिनाला लागणारा कोळसा खाणीच्या तोंडाशीच पडलेला होता. "शक्ती ठाऊक असणे निराळे आणि तिला कामाला जुंपण्यावाचून गत्यंतर नसणे निराळे," त्या म्हणाल्या. "तुझ्या देशात कोणाच्या खाणीत पाणी भरले, ते आधी ठरव."

लेखकरावांचा चेहरा आता मुदत पुढे ढकलण्याचे पत्र लिहिणाऱ्या माणसासारखा दिसू लागला होता. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा उल्लेख मीच केला आणि त्यांच्या त्रासात भर घातली. आपण भोंदूला भोंदू म्हणू शकतो, कारण असले चमत्कार होत नाहीत हे आपल्याला ठाऊक असते. जेथे चमत्कार खरोखर होतात, तेथे गरीब माणसाने भोंदू ओळखायचा तरी कसा? तात्यांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "मीटर लावायचा." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "आणि मीटर आला की आकडा येणार. रात्री झऱ्याच्या वाटेवर कोणीतरी मंत्राच्या तारेवर आकडा टाकून आपल्या विहिरीवर फुकटात पाणी चढवत असेल. असा एक माणूस तुझ्या कादंबरीत आण, मी ती शेवटपर्यंत वाचतो. आकडे काढण्यात माझी अर्धी नोकरी गेली, पण टाकणाऱ्यांइतके हुशार लोक मला खात्यातही भेटले नाहीत."

लेखकरावांचे डोळे येथे चकाकले. बारा वर्षांची साधना त्यांनी तेथल्या तेथे खोडली. दीपाचार्य राहणार होते, परंतु त्यांच्या हाताखाली आता एक लाइनमन येणार होता, आणि चौथ्या प्रकरणात राजधानी एक संपूर्ण रात्र अंधारात जाणार होती. कारण ज्याने ऐन वेळी मंत्र म्हणायचा तो उपाचार्य जागेवर नव्हता. तो बाहेर वडा खात होता.

हे ऐकताच समीक्षक ताडकन उठले. ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, की महाविद्यालयात असताना लेखकरावांनी लिहिलेल्या एकांकिकेची प्रकाशयोजना समीक्षकांकडे होती, आणि नायकाच्या मृत्यूच्या वेळी रंगमंचावर जो प्रकाश यायचा तो नायक उठून नमस्कार करून गेल्यावर आला. करंडक त्यामुळे गेला असे लेखकराव मानतात. तो संहितेमुळे गेला असे समीक्षक मानतात. हा वाद तेव्हापासून चालू आहे.

"मी वडा खात नव्हतो," समीक्षक ओरडले. "डिमर जळला होता! ही सरळसरळ वस्तुस्थिती आहे!"

"असू दे रे," लेखकराव अत्यंत शांतपणे म्हणाले. "कादंबरीतला वडा हे रूपक आहे."

माईंना ठसका लागला. समीक्षक तात्यांकडे वळले आणि या कट्ट्यावर विजेतले कळणारा एकच माणूस आहे, त्यानेच निवाडा द्यावा, असे त्यांनी आयुष्यात प्रथमच मान्य केले. तात्यांनी बशी खाली ठेवली, त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "डिमर जळला, ते ठीक. पन तू फ्यूज बघितला होतास का?"

'न' त्यांनी इतका ठासून म्हटला होता, की समीक्षकांचे तोंड तो सुधारण्यासाठी उघडले आणि तसेच उघडे राहिले.