छत्रीसैनिकांचे दिवस संपले म्हणता?

ड्रोन आणि क्षेपणास्त्रांच्या काळात विमानातून पॅराशूटनं उतरणारे छत्रीसैनिक कालबाह्य झाले, असं एका लेखात म्हटलंय. मी शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचा, त्यामुळे गप्प बसवेना.

11 डिसेंबर 1971, बांगलादेश युद्ध. मूळची मराठा असलेली 2 पॅरा ही छत्रीसैनिकांची पलटण ढाक्याच्या वरच्या टांगाईलजवळ उतरली. पूंगलीचा पूल धरला आणि मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवली. पण खाली कादेर सिद्दीकींची मुक्तिवाहिनी, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिक, होती, विखुरलेलं सामान गोळा करायला गावकरी धावले होते, हे विसरून कसं चालेल? 16 तारखेला ढाक्यात आधी शिरली ती हीच पलटण.

उलट दुसऱ्या महायुद्धातली, 1944 ची हॉलंडमधली आर्नेमची मोहीम बघा. ब्रिटिश, अमेरिकन, पोलिश असे सगळे होते. पण वायरलेस चालेना, पोलिश ब्रिगेड धुक्यामुळे उशिरा उतरली, आणि जमिनीवरून येणारी फौज आर्नेमच्या पुलापर्यंत पोचलीच नाही. तिथं माणसं कमी पडली नाहीत, मेळ कमी पडला.

आमचे चुलते पॅरात होते. अजून पारावर बसले की दोन्ही गुडघे जुळवून दाखवतात, "असं उतरायचं, न्हाईतर पाय गेला म्हणून समज." उडी मारण्याआधी पुढच्याच्या पाठीवरचे पट्टे चाचपायचे, म्हणतात, त्याचा जीव आपल्या हातात.

लेखकांनी कोरियाच्या युद्धावर जरूर लिहावं. मार्च 1951 मध्ये आपल्या 60 पॅरा फील्ड अँब्युलन्सच्या डॉक्टरांनी आणि जवानांनी अमेरिकन सैनिकांबरोबर मुनसानीला उड्या मारल्या, जखमींवर उपचार करायला. आमच्या पोरांना हे कुणी सांगतच नाही.