डनलूसचं स्वयंपाकघर जागेवरच आहे

उत्तर आयर्लंडमधल्या डनलूस किल्ल्याचा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. फोटो झकास आहे, समुद्रात घुसलेला कातळ आणि त्यावर पडक्या भिंती. मजकूर असा: 1639 च्या वादळात अख्खं स्वयंपाकघर माणसांसकट समुद्रात कोसळलं, कोपऱ्यातला एक पोऱ्या तेवढा वाचला. मालकिणीने लगेच किल्ला सोडला आणि तेव्हापासून तिथे 'बॅनशी' नावाची हडळ रडते.

आधी स्वयंपाकघर. ते उभं आहे. चूल, भट्टी, आत शिरायच्या वाटा, सगळं बघता येतं. समुद्राने नेली ती शेजारच्या राहत्या वाड्याची उत्तरेकडची भिंत, आणि तीही अठराव्या शतकात. बाकी तीन बाजू शाबूत आहेत. चौथीकडे बघावं तर थेट समुद्र! अशा जागी गोष्ट रचली गेली नसती तरच नवल.

मालकीण म्हणजे कॅथरीन मॅनर्स, बकिंगहॅमच्या ड्यूकची विधवा. 1635 मध्ये तिने किल्ल्याच्या घराण्यातल्या रँडल मॅकडॉनेलशी लग्न केलं. हा रँडल 1642 मध्येही डनलूसलाच होता. स्कॉटिश सेनापती मन्रो आला, रँडलने त्याचा पाहुणचार केला आणि मन्रोने यजमानालाच कैद केलं. स्वयंपाकघर तीन वर्षांपूर्वीच बुडालं होतं, तर हा पाहुणचार कुठल्या चुलीवर झाला? किल्ल्याला उतरती कळा लागली ती आयर्लंडमधल्या 1641 च्या बंडापासून. त्या धामधुमीत किल्ल्यालगतचं गावही जळालं. वादळावर उगाच आळ.

राहिली हडळ. बॅनशी कुणाला झपाटत नाही. घराण्यातलं कुणी जाणार असलं की ती आधी आक्रोश करते, एवढंच. डनलूसची बॅनशी म्हणजे मेव्ह रो, मॅकडॉनेलांच्या आधी किल्ला ज्यांच्याकडे होता त्या मॅकक्विलन घराण्यातल्या सरदाराची लेक. बापाने ठरवलेलं लग्न नाकारलं म्हणून ती बुरुजात कोंडली गेली, प्रियकरासोबत होडीतून पळताना बुडाली, आणि आता रात्री बुरुज झाडते म्हणे. पण मॅकक्विलनांच्या हातून किल्ला गेला सोळाव्या शतकाच्या मध्यालाच. म्हणजे फॉरवर्डवाल्याने दोन वेगळ्या गोष्टी एकाच भांड्यात शिजवल्यात.

आणि भूतच हवं होतं, तर पीटर कॅरी होता की. 1580 च्या दशकात तो इंग्रजांचा किल्लेदार होता. रँडलचा आजोबा सोर्ली बॉय मॅकडॉनेल, त्याची माणसं टोपल्यांत बसून कड्यावर चढली आणि कॅरीला तटावरून फासावर लटकवलं, असं सांगतात. जांभळ्या झग्यात अजून फिरतो म्हणे बिचारा. फॉरवर्डमध्ये त्याचं नावही नाही.