‘वासिपुंगो’ला पत्रक म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

इक्वेडोरच्या साहित्यावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. कवी ओल्मेदोचं नाव नाही, गद्यलेखक पालासिओला दोन ओळींत उरकलं, स्त्रिया गायब, अशी यादी, आणि मधोमध हे वाक्य : ‘वासिपुंगो हे साहित्य नव्हे, पत्रक आहे, नेटवर चार पानं चाळून लिहिणाऱ्याला हा फरक कळायचा नाही.’

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘कळायचा नाही’ ही कुठली बोलायची रीत? समोरच्याने काय वाचलंय याची साधी चौकशी न करता निकाल देऊन मोकळं व्हायचं? होर्हे इकासांची ही कादंबरी मी स्पॅनिशमध्येच वाचली, शब्दकोश मांडीवर घेऊन. पुढे बरीच वर्षं स्पॅनिश शिकवली, तेव्हा तिचे उतारे वर्गात मोठ्याने वाचून घेतले. वाचता वाचता मुलं थांबायची. पत्रक वाचताना कुणी असं थांबलेलं मी पाहिलेलं नाही.

वासिपुंगो म्हणजे हासिएंदाच्या, म्हणजे मोठ्या जमीनदारीच्या, मालकाने किचवा या मूळनिवासी समाजातल्या मजुराला राबण्याच्या बदल्यात कसायला दिलेला जमिनीचा तुकडा. तो मजुराच्या नावावर कधीच होत नसे. मालकाच्या मनात आलं की उठायचं. १९३४ च्या या कादंबरीत एक मेलेला बैल मालक पुरायला लावतो, मजुरांना मांसाची चटक लागू नये म्हणून. उपाशी माणसं रात्री तो उकरून काढतात. ते सडकं मांस खाऊन मजूर आंद्रेसची बायको कुन्शी मरते. आंद्रेस पाद्रीकडे जातो, तर पाद्री त्याला दफनभूमीच्या ओळी दाखवत दर सांगू लागतो : देवळालगतच्या पुढच्या ओळी महाग, कारण तिथून स्वर्ग जवळ, मागे जावं तसतसा दर उतरतो आणि नरक जवळ येतो. बायकोला नरकात कोण पाठवील? पैशांसाठी आंद्रेस चुकलेली गाय विकतो, पकडला जातो आणि चाबकाने फोडून काढला जातो. बैल, कुन्शी, कबर, गाय, चाबूक : एकातून दुसरं असं अटळपणे निघतं की मधून एक कडी काढून दाखवा म्हणावं. ही रचना तुम्हाला दिसली नाही, यात इकासांचा काय दोष?

आणि हे सगळं राजधानी कीतोच्या कॅफेत बसून रचलेलं नाही. लहानपणी इकासा एका नातेवाइकाच्या हासिएंदावर राहिले होते, तिथलं वागणं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पात्रं पहिल्या आवृत्तीत थोडी ठोकळेबाज आहेत, हे मी मान्य करतो. ते इकासांनाही जाणवलं असावं, कारण १९५३ आणि १९६० च्या आवृत्त्यांसाठी त्यांनी मजकुरावर पुन्हा हात फिरवला. एखादं पत्रक कुणी पंचवीस वर्षं घासत बसतं का? वासिपुंगोची पद्धत कायद्याने गेली ती १९६४ च्या जमीन सुधारणेत. तोवर हे पुस्तक कितीतरी भाषांत पोहोचलं होतं.

पालासिओला जास्त जागा हवी होती, हे ठीक. १९२७ मध्येच इतकं विचित्र, इतकं आधुनिक गद्य लिहिणारा हा लोहा शहरातला माणूस स्वतंत्र लेख मागतो, आणि तो मी लिहिणार आहे. ओल्मेदो १८२५ मध्ये दक्षिण अमेरिकेचा मुक्तिनायक बोलिव्हारच्या विजयावर काव्य लिहितात. माझा लेख गद्यावर होता. राहिल्या स्त्रिया. एका मूळनिवासी माणसाच्या देहदंडाविरुद्ध १८५७ मध्ये कुएन्का शहरात लेखणी उचलणाऱ्या आणि त्यापायी झालेल्या निंदेनंतर त्याच वर्षी आयुष्य संपवणाऱ्या कवयित्री दोलोरेस वेंतिमियांवर लेखात आख्खा परिच्छेद आहे. तिसरा. तिथवर पोहोचला असतात तर ‘गायब’ लिहायची वेळ आली नसती.