कार्ल बाराव्याच्या आधी अकरा कार्ल झाले नव्हते

युरोपा युनिव्हर्सालिस ४ या इतिहासावरच्या संगणकखेळासाठी मॉड, म्हणजे खेळाच्या फाइल बदलून केलेली स्वतःची आवृत्ती, बनवायला बसलेल्या नवख्यांना एक सल्ला हमखास मिळतो : ‘स्वीडन सगळ्यात सोपा. राजांची यादी घ्या, नाव आणि क्रमांक जसेच्या तसे उतरवा, घराणं वासा ठेवा, तारखा टाका म्हणजे राजे आपापल्या वेळी गादीवर येतात. राजसत्ता निरंकुश आणि मोठ्या राजांना कारभार, राजनय आणि लष्कर या तिन्हींत सहा-सहा-सहा गुण.’ या सल्ल्यातलं एकही वाक्य टिकत नाही.

‘क्रमांक म्हणजे त्या नावाचे तितके राजे होऊन गेले’

कार्ल बाराव्याच्या आधी स्वीडनमध्ये खरोखर होऊन गेलेले कार्ल पाचच. सातवा म्हणून ओळखला जाणारा कार्ल स्वेर्केर्सन हा इतिहासाला माहीत असलेला पहिला कार्ल, आणि तो बाराव्या शतकातला. पहिला ते सहावा हे सगळे कागदावरचे. उप्सालाचे शेवटचे कॅथलिक आर्चबिशप योहानेस मॅग्नुस यांनी गॉथ आणि स्वीडिश राजांचा लॅटिन इतिहास लिहिला, तो त्यांच्या मृत्यूनंतर १५५४ मध्ये रोममध्ये छापला गेला, आणि त्यात प्राचीन काळापासूनची राजांची रांग रचलेली होती. १५६० मध्ये गादीवर आलेल्या एरिकने त्याच परंपरेनुसार स्वतःला ‘चौदावा’ म्हणवून घेतलं, पुढे त्याचा धाकटा भाऊ कार्ल ‘नववा’ झाला.

मॉडमध्ये याचा फटका दोन ठिकाणी बसतो. देशाच्या फाइलमध्ये मोनार्क नेम्सची यादी असते, तिथे नावापुढे हॅश आणि आकडा लिहितात. मोजणी कुठून सुरू करायची हे खेळ त्या आकड्यावरून ठरवतो. १४४४ पासून सुरू होणाऱ्या खेळात तिथे खऱ्या कार्लांची संख्या टाकली, तर पुढचा राजा ‘कार्ल दुसरा’ म्हणून उगवतो. परंपरेची मोजणी धरायची, आणि एक राजा मारून पाहून पुढचा बरोबर क्रमांकाचा येतो ना ते तपासायचं. उलट मध्ययुगावरच्या खेळात, म्हणजे क्रुसेडर किंग्ज ३ मध्ये, सहा काल्पनिक कार्ल गादीच्या इतिहासात घुसवू नका. स्वेर्केर्सनला त्याच्या हयातीत कुणी ‘सातवा’ म्हणत नव्हतं.

जोडनाव असलं की क्रमांक मधे येतो : गुस्ताव दुसरा आडॉल्फ, गुस्ताव चौथा आडॉल्फ. शेवटी क्रमांक लावलेला ‘गुस्ताव आडॉल्फ दुसरा’ स्वीडिश वाचकाला लगेच खटकतो.

‘घराणं वासा’

वासा घराण्याचं राज्य १५२३ ते १६५४. ६ जून १६५४ ला क्रिस्टिनाने गादी सोडली आणि तिचा आतेभाऊ कार्ल दहावा गुस्ताव आला, तो फाल्ट्स-झ्वाइब्र्युकेन घराण्याचा. म्हणजे ज्याच्यासाठी लोक स्वीडन निवडतात तो कार्ल बारावा वासा नाहीच. १७२० पासून हेसेचा फ्रेडरिक, १७५१ पासून होल्स्टाइन-गोटॉर्प, १८१८ पासून बर्नाडोट. सगळ्यांना वासा केलं की खेळातले विवाहसंबंध आणि वारसाहक्काचे दावे चुकीच्या देशांशी जुळतात. क्रिस्टिनाच्या नोंदीत ‘फीमेल’ची ओळ विसरू नका, नाहीतर ती पुरुष म्हणून येते.

‘तारखा टाका, राजे आपोआप येतात’

सर्वांत जास्त मेहनत वाया घालवणारा समज हाच आहे. हिस्टरी फोल्डरमधली देशाची फाइल खेळ फक्त सुरुवातीच्या तारखेपर्यंत वाचतो. ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू केलं तर १६११ ची नोंद कितीही नेटकी असली तरी गुस्ताव आडॉल्फ कधीच येणार नाही, तो फक्त नंतरच्या तारखेपासून सुरू करणाऱ्याला दिसेल. शिवाय १४४४ मध्ये स्वीडन डेन्मार्कच्या राजाखाली, बव्हेरियाच्या क्रिस्टोफरच्या गादीशी बांधलेला आहे.

चालू खेळात ऐतिहासिक राजा हवा असेल तर इव्हेंट, म्हणजे अट पूर्ण झाली की आपोआप घडणारी घटना, लिहावा लागतो. अट म्हणून वर्ष तपासा आणि स्वीडन युनियनमध्ये (दुसऱ्या देशाच्या राजाखाली) दुय्यम नाही हेही तपासा. परिणामात आधी ‘किल एअर’ (जुना वारस हटवणं), मग ‘डिफाइन रूलर’ (नवा राजा ठरवणं), आणि त्यात नाव, घराणं, वय, तिन्ही गुण. जुना वारस तसाच ठेवला तर नवा राजा मेल्यावर गादी पुन्हा जुन्या घराण्याकडे जाते, आणि लोक इव्हेंट बिघडला म्हणून कपाळाला हात लावतात.

तारखांचा दुसरा घोळ पंचांगाचा. गुस्ताव आडॉल्फ ल्युत्सेनच्या लढाईत पडला तो स्वीडनच्या तेव्हाच्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे ६ नोव्हेंबर १६३२, ग्रेगोरियनप्रमाणे १६ नोव्हेंबर. राजाचा मृत्यू एका यादीतून आणि लढाई दुसरीतून घेतली की राजा स्वतःच्या शेवटच्या लढाईच्या दहा दिवस आधी मेलेला असतो. कार्ल बाराव्याच्या बाबतीत फरक अकरा दिवसांचा : फ्रेडरिक्स्टेनच्या वेढ्यात तो ३० नोव्हेंबर १७१८ ला, नव्या मोजणीने ११ डिसेंबरला मारला गेला.

मधली वर्षं तर आणखी वेगळी. स्वीडनने १७०० ते १७४० दरम्यान लीप दिवस वगळत हळूहळू नव्या पंचांगावर जायचं ठरवलं. १७०० चा वगळला, पण १७०४ आणि १७०८ चे राहून गेले. शेवटी मागे फिरण्यासाठी १७१२ मध्ये चक्क ३० फेब्रुवारी घालावी लागली. त्यामुळे रशियाविरुद्धच्या पोल्ताव्हाच्या लढाईला तीन तारखा आहेत : ज्युलियन २७ जून, स्वीडिश २८ जून, ग्रेगोरियन ८ जुलै १७०९. खेळाच्या पंचांगात २९ फेब्रुवारीसुद्धा नाही, ३० तर दूरच. म्हणून सगळा मॉड ग्रेगोरियनमध्ये ठेवा आणि प्रत्येक उसनी तारीख आधी बदलून घ्या.

‘राजसत्ता निरंकुश’

१५४४ मध्ये व्हेस्टेरोसला गादी वंशपरंपरागत होईपर्यंत राजा निवडला जायचा. निरंकुशता आली ती १६८० च्या संसदेनंतर, कार्ल अकराव्याच्या काळात, आणि १७१९ च्या राज्यघटनेने संपली. त्यानंतर परिषदेत राजाला दोन मतं असायची. राजा आडॉल्फ फ्रेडरिकची सही मिळेना तेव्हा परिषदेने त्याच्या नावाचा शिक्का वापरायला सुरुवात केली. १९ ऑगस्ट १७७२ ला गुस्ताव तिसऱ्याने बंड करून सत्ता परत ओढून घेतली. फाइलमध्ये या तारखांना गव्हर्नमेंट रिफॉर्म (राज्यपद्धती) बदलला नाही, तर आडॉल्फ फ्रेडरिक आणि कार्ल अकरावा खेळायला सारखेच वाटतात. माझ्या मते स्वीडनच्या मॉडमधली हीच सगळ्यात मोठी उणीव असते.

‘सहा-सहा-सहा’

गुस्ताव आडॉल्फचा लष्करी गुण सहा, यावर वाद नाही. पण कारभारातलं बरंचसं यश १६१२ ते १६५४ चान्सलर असलेल्या आक्सेल ऊक्सेनशेर्नाचं. त्याला सल्लागारांच्या फाइलमध्ये वेगळी नोंद द्या. सल्लागाराचा आयडी आधी कुठे वापरलेला नाही ना, हे शोधून बघा. कार्ल बाराव्याला राजनयात सहा देणं तर त्याच्या अख्ख्या कारकिर्दीच्या विरुद्ध आहे : १७०६ मध्ये सॅक्सनीवर तह लादल्यावरही तो रशियाशी तडजोडीला तयार झाला नाही.

सेनापतीच्या नोंदीत हालचालीच्या गुणासाठी खेळाने जे इंग्रजी स्पेलिंग घेतलंय त्यात ई आणि यू ची अदलाबदल आहे. ते ‘सुधारलं’ की गुण वाचलाच जात नाही, म्हणून मूळ फाइलमधूनच उचला. आणि स्वीडिश सेनापती रेन्शल्डसारख्या नावातल्या टिंबांच्या ओ चं दोन विचित्र अक्षरांत रूपांतर झालं, तर हिस्टरी फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात सेव्ह झालीय असं समजा. तिला विंडोज-१२५२ लागतं. लोकलायझेशनच्या (खेळात दिसणाऱ्या मजकुराच्या) फाइलला मात्र बीओएमसह, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या संकेतखुणेसह, यूटीएफ-८ च हवं.