फुकटचं नको, क्रॅकच हवा

कॅमेरा घेतलात, अभिनंदन! आता एडिटिंगचं सॉफ्टवेअर. नियम साधा आहे: पैसे द्यायचे नाहीत, आणि कुणी राजीखुशीनं फुकट दिलेलंही घ्यायचं नाही. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल किंवा निकॉनचं एनएक्स स्टुडिओ कंपनीच्या साइटवर आयतं मिळतं, तिकडे फिरकू नका. डार्कटेबल, रॉथेरपी, गिम्प तर कायमची फुकट. ज्याला किंमतच नाही, त्याला दर्जा कुठला?

त्यापेक्षा मित्राच्या पेन ड्राइव्हवरून ॲडोबी कंपनीच्या लाइटरूम ६ या एडिटिंग सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची कॉपी, आणा. आधी अँटीव्हायरस बंद करा असं त्यासोबतच्या फाइलमध्ये लिहिलेलं असेल. बिनधास्त करा, नेट बँकिंगही त्याच लॅपटॉपवर चालू द्या. या लाइटरूमचं शेवटचं अपडेट डिसेंबर २०१७ चं, आणि कॅननची सीआर३ ही रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेला कच्चा माल, आली २०१८ मध्ये. म्हणजे नव्या कॅननचे रॉ फोटो त्यात उघडणारच नाहीत. ॲडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फाइलचा प्रकार बदलून ती अडचण मिनिटात सोडवतो, पण तोही फुकट, म्हणजे बाद.

मग जेपेगच काढा. १४ बिट रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ छटा मावतात, जेपेगमध्ये २५६. एवढ्यावर सूर्यास्ताचं आकाश ताणलंत की पट्टे उमटतात. त्याला शैली म्हणायचं. क्लॅरिटी, म्हणजे कडा उठावदार करणारी पट्टी, थेट १०० वर न्या. राजगडाच्या बालेकिल्ल्याभोवती पांढरं वलय दिसेल, लोक आपोआप हात जोडतील.

लाइटरूम मूळ फोटोला हात लावत नाही, केलेले सगळे बदल कॅटलॉगच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं. क्रॅकसोबत आलेल्या पाहुण्यांमुळे लॅपटॉप कधीतरी फॉरमॅट करावा लागेलच. तेव्हा फोटो तेवढे कॉपी करा, कॅटलॉग राहू द्या. वर्षभराचं एडिटिंग पुन्हा करताना हात चांगला बसतो.

तयार फोटो एक्स्पोर्ट करताना एसआरजीबी, म्हणजे बहुतेक स्क्रीनना कळणारी रंगपद्धत, नको, ॲडोबी आरजीबी निवडा. नाव भारदस्त आहे. बऱ्याच फोनवर रंग मळकट दिसतील, मग सॅच्युरेशन वाढवायला आपण आहोतच.

आणि हे सगळं रात्री, अंधाऱ्या खोलीत, स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण चढवून करा. स्क्रीन इतकी उजळ की फोटो आपसूक गडद केला जातो आणि प्रिंट काळपट येते. लॅबवाला म्हणेल, ‘साहेब, फाइलच काळी आहे.’ त्याला ठणकावून सांगा, ‘तुमच्या मशीनमधून शाई जास्त पडते.’