‘आज नाही’ म्हणणारं हॉटेल

वकील एका शेतातल्या रेस्टॉरंटात जेवून आला होता. (कोर्टाची पायरी कधी चढला नाही, पण कट्ट्यावर त्याचं नाव वकीलच.) ‘फार्म टू टेबल’, म्हणजे शेतातून थेट ताटात, हे निव्वळ थोतांड, हा निकाल त्याने बसायच्या आधीच देऊन टाकला. फळ्यावर खडूने शेतांची नावं, कोपऱ्यात मुद्दाम ठेवलेली गंजकी बैलगाडी आणि भल्यामोठ्या ताटलीत तीन गाजरं.

“आणि त्या गाजरांची वंशावळ सांगायला वेटर पाच मिनिटं डोक्यावर उभा!”

“लागत कशी होती?” ताईने विचारलं. तिची हयात हॉटेलांच्या भटारखान्यात गेली आहे.

“लागत छान होती. पण तो मुद्दा नाही.”

“मग मुद्दा काय, बैलगाडी?”

मास्तरांना इतिहासात शिरायला एवढं निमित्त पुरतं. या सगळ्याची सुरुवात सांगायची तर ॲलिस वॉटर्सपासून, असं ते म्हणाले. 1971 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलेत तिने ‘शे पानीस’ हे रेस्टॉरंट काढलं. तिथे रोज एकच ठरलेलं जेवण असायचं आणि ते रोज बदलायचं. पुढे 1986 मध्ये रोममध्ये मॅकडोनल्ड्सविरुद्ध निदर्शनं झाली, त्यातून कार्लो पेत्रिनींची फास्ट फूडविरोधी ‘स्लो फूड’ चळवळ उभी राहिली. मग 2020 मध्ये तर हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडवाल्यांनीसुद्धा शाश्वत पद्धतीने चालणाऱ्या हॉटेलांना हिरवा तारा द्यायला सुरुवात केली.

“तारा द्या नाहीतर चंद्र द्या,” वकील उसळला, “तपासतं कोण? फ्लोरिडात ‘टँपा बे टाइम्स’च्या लॉरा रायलींनी 2016 मध्ये मेन्यूवर लिहिलेल्या शेतांना सरळ फोन लावले. अहो, कित्येक शेतकरी म्हणाले, आम्ही या हॉटेलाला माल देतच नाही! फळा पुसायचा कंटाळा, दुसरं काय.”

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मास्तरांनी नेहमीप्रमाणे दुसरी वाट काढली: निदान लांबून ट्रकने माल आणण्याचं प्रदूषण तरी वाचतं ना? इथे मात्र वकील तयारीने आला होता. 2008 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी अमेरिकेतल्या घरांच्या अन्नाचा हिशेब मांडला. त्यात 83 टक्के उत्सर्जन अन्न पिकवण्या-बनवण्यातच होतं. उत्पादकाकडून दुकानापर्यंतच्या वाहतुकीचा वाटा जेमतेम 4 टक्के. “आणि तीन गाजरं खायला मी जे पेट्रोल जाळलं, ते कुणाच्या खात्यात घालू?”

माझ्या मते अंतराचा मुद्दा तिथेच संपला. चवीचा मात्र नाही, कारण ताई आता सरसावून बसली. मक्याचं कणीस तोडल्या क्षणापासून त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो आणि उन्हात तर फारच भराभर. म्हणून सकाळचं कणीस आणि परवाचं कणीस यात जमीन-अस्मानाचा फरक. टोमॅटो आठवडाभर फ्रिजमध्ये पडला की त्याचा वास मरतो, आणि बाहेर काढून ठेवला तरी पुरता परत येत नाही. “शेत अंगणात असेल तर स्वयंपाक्याला फार काही करावंच लागत नाही. तुझी गाजरं छान लागली ती म्हणून.”

“म्हणजे पैसे काही न करण्याचे?”

“ये एकदा आत, दाखवते काही न करणं,” ताई म्हणाली. शेतातून थेट क्रेट येतो तेव्हा बीट एका मापाचं नसतं. लिंबाएवढं असतं, नारळाएवढंही असतं. एकत्र भाजलं तर एक करपतं आणि एक कच्चं राहतं. आधी पाला पिळून तोडायचा, नाहीतर तो कंदातलं पाणी ओढत राहतो आणि संध्याकाळपर्यंत बीट मऊ पडतं. मग तो पाला तीन-तीन पाण्यांतून काढायचा, कारण एक कण जरी दाताखाली आला तरी ताट परत. एवढं करून पाल्याचंही काही करायचं, फेकायचा नाही.

इतका वेळ दाजी गप्प होते. ते स्वतः भाजी पिकवतात आणि हॉटेलांना घालतात, त्यामुळे त्यांचं बोलणं थोडं आणि कडू असतं.

“हॉटेलवाल्यांना माझं शेत नको असतं,” ते म्हणाले. “त्यांना माझ्या शेतातले एका मापाचे टोमॅटो हवे असतात. माल एकदम आला, गारपिटीने डाग पडले, की फोन उचलत नाहीत. फळ्यावर नाव मात्र माझंच.”

मास्तरांना यावर शेफ डॅन बार्बर आठवले. न्यूयॉर्कजवळ स्टोन बार्न्सच्या शेतावर 2004 पासून त्यांचं ‘ब्लू हिल’ रेस्टॉरंट आहे. त्यांच्या लक्षात आलं, की चांगल्या गव्हासाठी शेतकऱ्याला फेरपालटात दुसरी कितीतरी पिकं घ्यावी लागतात आणि ती कुणी विचारत नाही. मग त्यांनी तांदूळ बाजूला ठेवून त्याच धान्या-कडधान्यांचा रिसोटो, म्हणजे इटालियन पद्धतीचा मऊ भात, केला.

“हे खरं गिऱ्हाईक,” दाजी म्हणाले. “जमिनीला जे लागतं ते विकत घेतो.”

मला इथे दाजींचं शंभर टक्के पटलं. हॉटेल शेतापासून किती लांब, याला फारसा अर्थ नाही. शेताच्या लहरीचा भार कोण उचलतं, हे बघायचं. वर्षभर एकच मेन्यू छापून ठेवणारा तो भार शेतकऱ्यावर ढकलतो. ‘आज ते नाही, हे आहे’ असं सांगणारा थोडा स्वतः घेतो, थोडा आपल्याला देतो. तो आपण घ्यायला तयार असू, तरच तिथे जाण्यात अर्थ आहे.

“पण मी एवढ्या लांब जायचं आणि मला हवं ते मिळणार नाही?” वकील.

“नाही मिळणार.”

“ब्लू हिलमध्ये तर छापील मेन्यूच नाही,” मास्तरांनी तेल ओतलं.

“मग निवडायचं कसं?”

“निवडायचं नाही. कडकीच्या दिवसांत जा,” ताई म्हणाली, “शेतात फारसं काही नसतं तेव्हा. सुगीत कुणीही चांगलं जेवू घालतं.”

“आणि ती गाजरं,” दाजींनी विचारलं, “लहान-मोठी होती की एका मापाची?”

वकिलाने मोबाइल काढून फोटो दाखवला. तिन्ही गाजरं अगदी एकसारखी होती.